‘वहिनी’ कुणी ठरवली?

लोकेशन पाठव, पासवर्ड दे, त्याच्याशी बोलू नको... याला आपण काळजी म्हणतो, हक्क म्हणतो, प्रेमसुद्धा म्हणतो. मग एक दिवस पेपरात बातमी येते. त्या बातमीच्या आधी जे चाललेलं असतं, ते कुणी मोजतं का?

कॉलेजच्या कट्ट्यावरचा हा सीन तुम्ही हजार वेळा पाहिला असेल. ग्रुपमधल्या एकाला एक मुलगी आवडते. तो तिच्याशी अजून एक शब्दही बोललेला नसतो. तिला त्याचं नावही माहीत नसतं. पण ग्रुपमध्ये फर्मान निघतं, ‘ए, तिकडं कुणी बघायचं नाही. वहिनी आहे ती तुमची!’ दुसऱ्या दिवसापासून ती बसमधून उतरली की मागून आवाज येतो, ‘वहिनीऽऽ!’ सगळे हसतात. ती मान खाली घालून भराभर चालायला लागते.

गंमत असते हो, असं म्हणून आपण पुढे जातो. पण त्या एका शब्दात काय झालं ते बघा. सातबाऱ्यावर नाव चढावं तशी एक मुलगी एका मुलाच्या नावावर चढली. बाकीच्या मुलांनी ती नोंद मंजूर केली. आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललंय, तिची सही कुठंच नाही. उद्या ती दुसऱ्या कुणाशी हसून बोलली, तर या पठ्ठ्याला ‘धोका’ मिळालेला असतो. तिनं कधी न दिलेल्या शब्दाचा धोका!

समजा, पुढे खरंच दोघांचं जमलं. तरी तो सातबारा तसाच चालू राहतो, फक्त भाषा गोड होते. ‘लाइव्ह लोकेशन ऑन ठेव, मला टेन्शन येतं.’ ‘इन्स्टाचा पासवर्ड दे, आपल्यात काय लपवायचं?’ ‘तो क्लासमेट मला पटत नाही, ब्लॉक कर त्याला.’ ‘हा टॉप घालू नको, लोकं कशी बघतात तुला कळत नाही.’ मैत्रिणीला सांगावं तर ती म्हणते, ‘किती पझेसिव्ह आहे गं! नशीबवान आहेस.’

या ‘नशीबवान’ शब्दाबद्दल जरा बोलूया.

बातमीत ‘प्रेम’ कशाला?

मार्च १९९०. उल्हासनगरात दहावीची परीक्षा चालू होती. परीक्षेच्या वर्गात घुसून एका मुलीला जाळून मारण्यात आलं. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्यातल्या अनेकांना ती बातमी अजून आठवत असेल. २७ जून २०२३. पुण्यात सदाशिव पेठेत एक तरुण भरदिवसा कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं मध्ये पडली म्हणून ती वाचली. जानेवारी २०२४. आपल्या हिंजवडीतल्या एका लॉजमध्ये आयटी कंपनीत काम करणाऱ्या तरुणीचा गोळ्या झाडून खून झाला आणि पोलिसांनी तिच्या मित्राला अटक केली.

चौतीस वर्षांत हत्यारं बदलली, शहरं बदलली. अशा बातम्यांचे ठरलेले शब्द मात्र बदलले नाहीत. ‘एकतर्फी प्रेमातून’, ‘प्रेमप्रकरणातून’, ‘प्रेमास नकार दिल्याने’. पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात की हेडिंग छोटं हवं आणि त्यातून कारण कळलं पाहिजे. मग या हेडिंगमधून कोणतं कारण कळतं? एकदा प्रेम आणि एकदा तिचा नकार. घरफोडी झाली तर ‘दागिन्यांवरील एकतर्फी प्रेमातून चोरी’ असं आपण छापत नाही. ‘मालकाने दागिने देण्यास नकार दिल्याने’ असंही छापत नाही. मग इथंच का? ज्याला तिचं ‘नाही’ ऐकू येत नाही, तिच्या जिवाची पर्वा नाही, त्याच्या मनात जे काही आहे त्याला प्रेम हे नाव देऊन आपणच त्याची केस सोपी करतो.

मराठीत या गोष्टीला धड शब्दही नाही. नवरा मारतो त्याला आपण ‘घरगुती हिंसा’ म्हणतो. रस्त्यावरचा अनोळखी माणूस त्रास देतो ती ‘छेडछाड’. पण अकरावीतला, आयटीआयतला, लाइनवर शेजारी उभा राहणारा बॉयफ्रेंड त्रास देतो, त्याला काय म्हणायचं? शब्द नसला की तक्रारही करता येत नाही. मग आपण ‘त्यांचं काहीतरी चालू आहे’ म्हणून विषय बंद करतो.

कंपनीतलं ‘नियर मिस’

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात राहत असाल, तर घरात कुणीतरी कंपनीत आहेच. त्यांना विचारा, ‘नियर मिस’ म्हणजे काय? क्रेनवरून पार्ट पडला, पण खाली कुणी नव्हतं. तेलावरून पाय घसरला, पण लागलं नाही. अपघात होता होता राहिला, तो नियर मिस. चांगल्या कंपनीत तो लिहून ठेवतात. कारण सोपं आहे. आज कुणाला लागलं नाही म्हणून गप्प बसलं, तर उद्या त्याच जागी कुणाचा तरी हात जाणार.

सेफ्टी ट्रेनिंगमध्ये एक त्रिकोणही दाखवतात. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिश यांनी १९३१ मध्ये तो मांडला. एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ अपघात आणि ३०० न लागलेले धक्के असतात, असा त्यांचा हिशोब. या आकड्यांवर नंतर बरेच वाद झाले. पण वर एक टोक दिसतंय म्हणजे खाली रुंद पाया आहे, हे कुणीही सुपरवायझर तुम्हाला सांगेल.

नात्यांच्या बाबतीत आपण फक्त टोक बघतो. कोयता दिसला की मोर्चे, मेणबत्त्या, स्टेटस. पण पासवर्ड, लोकेशन, ‘तुला सांगितलं होतं ना’ म्हणत धरलेलं मनगट, ‘चिडवत होतो’ म्हणून मारलेली टपली, सगळ्यांसमोर केलेला पाणउतारा, रागात आपटलेला फोन, हे सगळं नियर मिस आहे. याचं रजिस्टर कुणी ठेवत नाही. उलट बऱ्याचदा यावरच लव्ह रील बनतात.

म्हणजे पासवर्ड मागणारा प्रत्येक मुलगा उद्या कोयता काढणार का? अजिबात नाही. प्रत्येक नियर मिसचाही अपघात होत नाही. पण अपघात झाला की मागे जाऊन बघताना नियर मिस सापडतातच.

मेक्सिकोची पट्टी

असं रजिस्टर एका देशानं बनवलंय. मेक्सिकोतल्या राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्थेनं २००९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक पट्टी काढली. कंपासपेटीत असते तशीच. नाव ‘व्हायोलेंटोमेट्रो’, म्हणजे हिंसा मोजायची पट्टी. तिच्या एका टोकाला टोचणारे विनोद आहेत. मग इमोशनल ब्लॅकमेल, मुद्दाम अबोला, संशय. पुढे चारचौघांत अपमान, मित्रमैत्रिणींवर, पैशांवर, कपड्यांवर, मोबाइलवर बंदी. मग वस्तू फोडणं, ‘खेळत’ मारणं, ढकलणं, थोबाडीत. आणि शेवटच्या टोकाला खून. पट्टीचे तीन टप्पे आहेत. आधी सावध राहा, मग काहीतरी करा, आणि शेवटी मदत घ्याच.

या पट्टीची खरी ताकद अशी की ती ‘एवढ्याशा’ गोष्टीला आणि सर्वात भयंकर गोष्टीला एकाच रेषेवर ठेवते. आपल्याकडे या दोन वेगवेगळ्या दुनिया आहेत. एक ‘क्यूट’ आणि दुसरी ‘क्राइम’.

गोड भेदभाव

पीटर ग्लिक आणि सुसान फिस्क या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये एक मुद्दा मांडला. बायकांबद्दलचा भेदभाव दोन प्रकारचा असतो. एक कडू : ‘पोरी डोक्यावर बसतात, त्यांना जागेवर ठेवलं पाहिजे.’ दुसरा गोड : ‘पोरी नाजूक असतात, त्यांना जपलं पाहिजे, त्यांचं रक्षण आपणच केलं पाहिजे.’ ऐकायला दुसरा किती छान वाटतो! पण २००० साली १९ देशांतल्या १५ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की हे दोन्ही जोडीनंच राहतात. ज्या देशात कडू जास्त, तिथं गोडही जास्त. आणि जिथं पुरुषांची मतं जास्त कडू, तिथल्या बायका गोड भेदभावाला जास्त धरून असतात. बाहेर धोका असला की रक्षण करणारा हवासा वाटतोच ना! ‘नशीबवान आहेस’ हे वाक्य येतं ते इथून.

‘जपणारा’ मुलगा ती त्याच्या मर्जीप्रमाणे वागते तोवर गोड असतो. तिनं एकदा ‘नाही’ म्हटलं की कडू बाहेर येतं. म्हणून नवीन नात्यात एक साधी टेस्ट करून बघा. छोट्याशा गोष्टीला ‘नाही’ म्हणा. ‘आज नाही भेटत, मैत्रिणींसोबत जाते.’ पुढच्या तासाभरात काय होतं त्यावरून बरंच कळतं. थोडं वाईट वाटणं नॉर्मल आहे. पण चाळीस मिस्ड कॉल नॉर्मल नाहीत.

हे सगळं ‘आपल्याकडंच’ होतं असं वाटत असेल, तर जुलै २०२४ मधला जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल बघा. १५ ते १९ वयाच्या, कधी ना कधी नात्यात किंवा लग्नात असलेल्या मुलींपैकी जगभरात २४ टक्के मुलींनी जोडीदाराकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेली आहे. म्हणजे जवळपास १ कोटी ९० लाख मुली. ओशनिया भागात हे प्रमाण ४७ टक्के, मध्य युरोपात १० टक्के. या आकड्यांत दुखणंही आहे आणि आशाही. कुठंच शून्य नाही हे दुखणं. पण सत्तेचाळीस आणि दहा यांत एवढा फरक आहे, म्हणजे हा काही ‘पुरुषांचा स्वभाव’ नाही. वातावरण बदललं की आकडा बदलतो.

आपलं वातावरण कसं आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले की काही कारणांसाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे. बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही, हे नीट वाचा. हेच ऐकत आपण मोठे होतो आणि हेच घेऊन पहिल्या डेटवर जातो.

घरी कळलं तर?

आता आपल्या पट्ट्याचं बघू. एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण आज गाड्या बनवतं. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून अठरा-वीस वर्षांच्या मुली इथं येतात. कुणी ट्रेनी, कुणी अप्रेंटिस, कुणी आकुर्डी-निगडीत शिकायला. कॉट बेसिसवर राहायचं, कंपनीच्या बसनं जायचं, पगारातले पैसे घरी पाठवायचे. घरात पहिल्यांदा ‘कमावणारी मुलगी’ झालेल्या कितीतरी जणी यात आहेत. हे स्वातंत्र्य त्यांनी भांडून मिळवलंय, पण ते एका अटीवर मिळालंय : ‘आमचं नाव खराब करू नको.’

त्रास देणाऱ्याच्या हातात नेमकी हीच अट पडते. ‘तुझ्या भावाला फोटो पाठवीन’ या एका धमकीत किती ताकद आहे बघा. घरी कळलं तर नोकरी बंद, शिक्षण बंद, पहिल्या गाडीनं गाव आणि वर्षाच्या आत लग्न. मग ती गप्प बसते. भेटायला बोलावलं की जाते. त्याला ब्लॉक केलं तर तो काय करेल, याची तिला जास्त भीती वाटते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ‘एवढा त्रास आहे तर सोडत का नाही?’ कारण सोडायची किंमत तिला एकटीला मोजावी लागते.

म्हणून आईबाबांनो, ही पुरवणी तुमच्या हातात पडली असेल तर एक विनंती. ‘असलं काही केलंस तर याद राख’ हे वाक्य मुलीला प्रेमापासून लांब ठेवत नाही, ते तिला फक्त तुमच्यापासून लांब ठेवतं. त्याऐवजी एकदा म्हणून बघा, ‘काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग, तुझी नोकरी-शिक्षण बंद होणार नाही.’ त्या धमकीतली निम्मी हवा तिथंच जाते.

भावांनो, तुमच्याशी पण

हे वाचून ‘सगळ्या मुलांना व्हिलन केलं’ असं वाटत असेल तर थांबा. मुलींकडूनही फोन चेक होतात, संशय घेतला जातो, ‘मी जीव देईन’ म्हणून मुलांना बांधून ठेवलं जातं. तेही त्याच पट्टीवर येतं आणि मुलांना ते बोलायला अजून अवघड जातं. बोलला तर मित्रच म्हणणार, ‘बायल्या!’

आणि हा ‘बायल्या’ शब्द मुलांचंही वाटोळं करतो. नकार पचवणं आपल्याला कुणी शिकवत नाही. ‘अर्जुन रेड्डी’ (२०१७) आणि त्यावरून आलेल्या ‘कबीर सिंग’ (२०१९) मध्ये हिरो प्रेयसीला थोबाडीत मारतो आणि तरी शेवटी त्याला ती मिळतेच. खऱ्या आयुष्यात रडायला एक मित्र मिळाला असता, तर कितीतरी मुलं त्या वाटेला गेली नसती. ब्रेकअप झालेल्या मित्राला ‘तिला धडा शिकव’ म्हणणारे चार जण असतात. ‘चल, चहा घेऊ, विसर’ म्हणणारा पाचवा तुम्ही व्हा. ग्रुपमध्ये ‘वहिनी’ सुरू झालं की ‘तिला विचारलंस का?’ एवढंच म्हणा. हसतील थोडे. पण सदाशिव पेठेत जी पोरं मध्ये पडली, तीही तुमच्याच वयाची होती. आणि इथं तर समोर कोयताही नाही.

हे बदलतं, खरंच

ब्राझीलमध्ये रिओच्या वस्त्यांतल्या तरुणांसाठी ‘प्रोग्रॅम एच’ नावाचा उपक्रम झाला. मुलांनी एकत्र बसून ‘खरा मर्द कोण’ यावर बोलायचं, असा. तोच आपल्याकडे मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘यारी-दोस्ती’ नावानं आला. त्यानंतर मुलांच्या मतांत फरक पडलाच, पण जोडीदारावर हात उचलल्याचं सांगणाऱ्या मुलांचं प्रमाणही घटलं. अमेरिकेत सॅक्रामेंटोमधल्या १६ शाळांत खेळाच्या कोचना हाताशी धरलं. कोच सरावानंतर दहा-पंधरा मिनिटं मुलांशी मुलींना मान देण्याबद्दल बोलायचे. वर्षभरानं पाहिलं तर त्या मुलांकडून जोडीदाराला होणारा त्रास इतर शाळांपेक्षा कमी होता. हीच कल्पना मुंबईत ‘परिवर्तन’ नावानं क्रिकेट कोचनी वापरली. २००८ पासून मुंबईच्या ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत ‘जेम्स’ हा समानतेचा कार्यक्रम झाला. हरीश सदानी यांची ‘मावा’ ही संस्था १९९३ पासून पुरुषांसोबत काम करते आणि तिचा ‘युवा मैत्री’ उपक्रम पुणे जिल्ह्यातल्या कॉलेजांतही पोचला. पुण्याच्या वस्त्यांत ‘इक्वल कम्युनिटी फाउंडेशन’ टीनएजर मुलांशी याच विषयावर बोलते.

यातल्या कुठल्याच उपक्रमाला मोठी इमारत लागत नाही. सरावानंतरची दहा मिनिटं लागतात. भोसरीच्या तालमीत, निगडीच्या ग्राउंडवर, गणेश मंडळाच्या मीटिंगमध्ये आणि कंपनीच्या सेफ्टी टॉकमध्ये ही दहा मिनिटं निघू शकतात. सुरुवात तुमच्या ग्रुपपासून करा. या आठवड्यात ‘नियर मिस’ दिसला, तर निदान एकाला तरी सांगा. गप्प बसून तो प्रेमाच्या खात्यात टाकू नका.

चौकट : हे सेव्ह करून ठेवा

• नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणं, मेसेज करणं किंवा मुलीच्या ऑनलाइन हालचालींवर नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

• खासगी फोटो काढायला होकार दिला म्हणजे तो पुढे पाठवायला होकार दिला असं होत नाही. कलम ७७ मध्ये हे स्पष्ट आहे. धमकी आली तर चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. सायबर हेल्पलाइन १९३०.

• मुलगी किंवा मुलगा अठराच्या आत असेल तर ‘पोक्सो’ कायदा लागतो. चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

• त्रास देणारा कंपनीतलाच असेल तर अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. ट्रेनी, अप्रेंटिस आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलींनाही हा हक्क आहे. कंपनीची बससुद्धा ‘कामाची जागा’च धरली जाते. कॉलेजमध्येही अशी समिती असणं बंधनकारक आहे.

• एफआयआर कुठल्याही पोलिस ठाण्यात देता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

• तातडीची मदत ११२. महिला हेल्पलाइन १८१. मन मोकळं करायला ‘टेलि-मानस’ १४४१६, हा मुलांसाठीही आहे.

• मैत्रीण सांगायला आली तर ‘तू तिथं गेलीसच कशाला?’ हा प्रश्न गिळा. त्याऐवजी विचारा, ‘तुला आत्ता काय हवंय? मी सोबत येऊ का?’